रोकडे सरांची मध्यरेषा

रोकडे सरांच्या पॅन्टला फक्की लागलेली नाही असा एकही दिवस मला आठवत नाही. फक्की म्हणजे मैदानावर रेषा आखायला वापरतात ती पांढरी पूड. कबड्डीची मध्यरेषा, खो-खोचे चौकोन, धावण्याचे पट्टे, सगळं सर स्वतःच्या हाताने आखायचे. शिपायाला डबा उचलू देत नसत. उल्हासनगरातल्या आमच्या मराठी शाळेला मैदान म्हणून जे होतं त्याच्या एका अंगाला जीन्स शिवणारे गाळे आणि दुसऱ्या अंगाला त्याच जीन्स धुतलेलं निळं पाणी वाहून नेणारा नाला. तेवढ्या चिंचोळ्या जागेत सर अशा सरळ रेषा मारायचे की दोरी लावली असावी असं वाटे. दोरी कधी लावलेली नसायची.

ते पी.टी. शिकवायचे, मी इतिहास. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. शाळेत या दोन विषयांची पत सारखीच होती. परीक्षा जवळ आली की गणिताच्या बाई आधी त्यांचा तास मागून घ्यायच्या, मग माझा. स्टाफरूममध्ये आल्या आल्या सर विचारायचे, “काय लिमये बाई, आज कुठला राजा मेला?” मी म्हणायचे, “राजा जिवंत आहे, पण तुमच्या खो-खोत कोण बाद झालं ते सांगा.” मग ते खिशातून खडे काढून टेबलावर मांडत बसायचे. त्यांच्या खिशात पैसे नसले तरी चालायचं, खडे मात्र असायचे. नऊ पांढरे आणि नऊ काळे.

त्यांना एक खोड होती. नवा माणूस भेटला की नाव-गाव विचारायच्या आधी ते विचारायचे, “लहानपणी काय खेळायचात?” रिक्षावाला असो, पालक असोत, सोसायटीचा वॉचमन असो. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही त्यांनी हेच विचारलं. साहेब आधी रागावले, मग आठवू लागले, मग गुडघ्यावर बसून फरशीवर बोटाने काहीतरी आखू लागले आणि हजेरीपट तपासायचा राहूनच गेला. मुख्याध्यापक नंतर म्हणाले, “रोकडे, तपासणी नेमकी कोण करतंय?”

सरांचं म्हणणं असं, की माणूस घराबद्दल, गावाबद्दल, जातीबद्दल सरळ तोंडाने खोटं बोलतो. पण लहानपणी काय खेळायचो, याबद्दल खोटं बोलायचं त्याला सुचतच नाही. हे सगळं ते जाड वह्यांमध्ये लिहून ठेवायचे. पानावर डावीकडे खेळाची आकृती, उजवीकडे नियम, खाली सांगणाऱ्याचं नाव आणि त्याचं गाव. अक्षर मात्र असं, की कोंबडीचे पाय बरे.

मला ही सगळी रिकामटेकडी हौस वाटायची, हे कबूल करते. माझं मत बदललं ते लछुदादांमुळे. लछुदादा आमच्या शाळेसमोरचे म्हातारे सिंधी कापडवाले. सरांनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी मीटर बाजूला ठेवला, खडू मागितला आणि दुकानाच्या पायरीवर लंगडी घालत खेळायच्या ठिकरीचे खाने आखले. शेवटच्या खान्यावर हात ठेवून म्हणाले, “साईं, उधर सिंध में इस को घर बोलते थे. इधर कैंप की बैरक में आये तो बच्चा लोग इस को स्टेशन बोलने लगे. किसी ने सिखाया नहीं.” मग बराच वेळ ते त्या खान्यावरून हात उचलेनात. गिऱ्हाईक आलं, उभं राहिलं, निघून गेलं.

सर तसेच स्टाफरूममध्ये आले. “बाई, तुमच्या पुस्तकात फाळणीला किती जागा?”

“दीड पान.”

“त्यात हे आहे?”

नव्हतं. परीक्षेला येत नाही, असं मी म्हणाले, आणि म्हटल्यावर माझी मलाच लाज वाटली.

यानंतर दोनेक वर्षांनी सरांना तो कातळ सापडला. सापडला म्हणणंही बरोबर नाही, कारण तो त्यांच्या आत्याच्या घरामागेच होता. अंबरनाथ पूर्वेला पालेगावच्याही पुढे एक लहान वस्ती आहे. नाव लिहीत नाही, आता तिथे कोणी त्या नावाने ओळखतही नाही. तिथल्या बौद्धवाड्यात सरांची भागाआत्या राहायची. नव्वदीला टेकलेली, पाठीतून वाकलेली, पण बोलायला खणखणीत. वस्तीच्या कडेला भुईसपाट काळा कातळ होता आणि त्यावर नवकंकरीचा पट कोरलेला होता. एकात एक तीन चौकोन, मधोमध जोडणाऱ्या रेषा. दोघांनी खेळायचं, प्रत्येकाचे नऊ खडे. आपले तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. ज्याचे दोनच उरले तो हरला. हा खेळ महाराष्ट्रात कुठेही देवळाच्या पायरीवर कोरलेला सापडतो, त्यात नवल नव्हतं. नवल हे, की त्याच कातळावर उताराच्या बाजूला हुबेहूब तसाच आणखी एक पट होता. पण उथळ, कशानेतरी घासघासून काढलेला.

“दोन पट कशाला गं आत्या?” सरांनी विचारलं.

“दोन कुटं? डाव येकच,” आत्या म्हणाली. “वरल्या पटावर पाटलाचा भाऊ बसायचा, खालच्यावर माजा बा. शिवाशिव व्हती ना. खडं येक कसं धरतील? म्हून दोगांकडं दोन्ही रंगांचं खडं. ह्यो वराडून सांगायचा, त्यो आपल्या पटावर मांडायचा. त्यो सांगायचा, ह्यो मांडायचा.”

सरांनी नंतर हे मला सांगितलं. एकच डाव, दोन पटांवर. एकमेकांना शिवायचं नाही, पण एकमेकांशिवाय करमतही नाही, म्हणून दोन माणसांनी काढलेली ही वाट. पटावरच्या जागांना नावं होती, नाहीतर ओरडून सांगणार काय? बाहेरचा चौकोन वेस, मधला आळी, आतला घर. कोपरे चार: विहिरीकडचा, देवळाकडचा, ओढ्याकडचा, डोंगराकडचा. म्हणजे सगळं गावच त्या पटावर होतं. ज्याला देवळात आणि विहिरीवर जाता येत नव्हतं, तो माणूस तिथून रोज ओरडायचा, ‘घर, देवळाकडचा कोपरा’, आणि पाटलाच्या भावाला तिथे त्याचा खडा ठेवावा लागायचा.

“ठेवायचा का पण?” मी विचारलं. माझ्यातला इतिहास कधीतरी जागा होतो.

सरांनी हाच प्रश्न आत्याला विचारला होता. ती म्हणाली होती, “वरला पट खरा, आसं ठरल्यालं. खालून वरचा पट दिसं ना. येकदा आमच्या पटावर बा जिकला. मी शेजारीच बसल्याली, समदं बगितलं. वरून सांगावा आला, हारलास म्हून. बा काय बोलला न्हाई. खडं गोळा करून घरी आला आन् रडला. हारला आसता तं रडला नस्ता.”

त्या दिवसापासून सर झपाटले. तो कातळ तसाच्या तसा वाचवायचा, एवढं एकच त्यांच्या डोक्यात राहिलं. तसाच्या तसा, कारण नुसता दगड उचलून कुठे ठेवून उपयोग नव्हता. पट महाराष्ट्रभर आहेत. त्या दोन पटांमधलं अंतर मात्र तिथेच होतं. सरांनी ते मोजलं होतं, चौदा फूट. “बाई, हे चौदा फूट हाच सगळा इतिहास आहे. एक फूट इकडेतिकडे झाला तरी मी खोटा ठरेन.”

आणि वेळ नव्हता. पालेगावकडून इमारती सरकत सरकत तिथवर आल्याच होत्या. कातळाची जमीन एका बिल्डरने घेतली होती, पत्रे ठोकले होते, बोर्ड लागला होता. त्या बोर्डावरच्या इमारतीत, बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर, आमचा फ्लॅट बुक केलेला होता. माझ्या यजमानांनी आदल्या दिवाळीतच केला होता. सरांना मी हे सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिले.

त्या हिवाळ्यात सरांनी उंबरठे झिजवले. तहसील, नगरपालिका, ठाण्याचं कुठलंसं कार्यालय. शाळा सुटली की तसेच, शिट्टी गळ्यात ठेवून. एका साहेबाने विचारलं, “देवाचं आहे का काही त्यावर? शिलालेख? राजाचं नाव?” सर म्हणाले, खेळ आहे. साहेब म्हणाले, “मग खेळा की.” बिल्डर त्या मानाने सभ्य होता. म्हणाला, “मास्तर, पत्थर अच्छा है, गार्डन में लगा देंगे, चबुतरा बना के.” सर म्हणाले, दोन्ही हवेत आणि मधली जागाही हवी. तो हसला आणि त्याने चहा मागवला.

सर रोडावले. जेवणाचा डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. रात्री झोप येत नाही, म्हणायचे. स्टाफरूममध्ये कुणी काही विचारलं की उत्तर त्या कातळापाशीच येऊन थांबायचं. लोक टाळू लागले. मला ते बघवेना, म्हणून मी एक दिवस म्हटलं, “सर, सरळ शेंदूर फासा आणि एक हार घाला. कुणाची हात लावायची हिंमत होणार नाही.”

ते म्हणाले, “बाई, आजोबांना देवळात घेतलं नाही म्हणून ते तिथे बसले. आता मीच तिथे देऊळ बांधू?”

शेवटी फोटो तरी नीट काढून ठेवावेत असं ठरलं. फोटो असले तर कुणीतरी शहाणा माणूस बघेल, काम थांबवेल. उन्हाळ्यातल्या एका रविवारी मी यजमानांचा कॅमेरा घेऊन गेले. पत्र्यांच्या फटीतून आम्ही आत शिरलो. काम सुरू झालं नव्हतं. कातळ काळा, रेषा काळ्या, ऊन रणरणतं. “सर, काही दिसत नाहीये,” मी म्हटलं. माझंच वाक्य ते.

सर म्हणाले, “थांबा.” आणि पिशवीतून त्यांनी फक्कीचा डबा काढला.

त्यांचा हात चालताना पाहणं हा एक आनंद असायचा. वरच्या पटाच्या रेषा भरल्या, मग खालच्या. दोन्ही पट पांढरेशुभ्र उमटले. आणि मग, दोन बाजूंचा खेळ पाहिल्यावर पी.टी.चा मास्तर जे करील ते त्यांनी केलं. दोन्ही पटांच्या बरोबर मधोमध, सात फुटांवर, कातळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी मध्यरेषा मारली. दोरीशिवाय, सरळ. मागे सरून ती त्यांनी बघितली आणि कितीतरी महिन्यांनी हसले. “आता दिसतंय ना? इकडचे आणि तिकडचे.”

दिसत होतं, पण दोन्ही पट एका फोटोत मावेनात. मी मागे मागे सरले तर पत्रा आडवा आला. उंचावरून काढायला शिडी हवी होती. पुढच्या रविवारी शाळेची शिडी आणू, असं ठरलं. पावसाला अजून अवकाश होता, रेषा कुठे जात नव्हत्या. एकेका पटाचे दोनचार फोटो काढून आम्ही परत फिरलो.

शुक्रवारी सकाळी सर शाळेत आले नाहीत. मी दुपारी रिक्षा करून तिकडे गेले. कातळ फुटला होता. मध्यरेषेच्या अलीकडचा भाग जागेवर होता, वरचा पट जसाच्या तसा. पलीकडे खणलेला चर आणि फोडलेल्या दगडांचे ढीग. कातळ फोडणाऱ्या ब्रेकरचा सुपरवायझर सरांना समजावत होता, खरंच कळवळून सांगत होता, “मास्तर, कंपाउंड की लाईन इधर ही कहीं आनेवाली थी. हम आये तो फक्की की लाईन पड़ी हुई थी, एकदम सीधी. हमको लगा इंजिनियर लाईन आउट कर के गया, लाईन के बाहर का पत्थर रोड के लिए तोड़ना है. इतनी सीधी लाईन और कौन मारेगा?”

बांधकामावर पायाची रेषा याच पुडीने आखतात. ते मला माहीत नव्हतं. सरांना बहुतेक माहीत असावं, पण पस्तीस वर्षं त्यांच्या हातात फक्की आली ती खेळासाठी. तिचा दुसरा अर्थ त्यांच्या मनात आला नाही. ते दगडाच्या ढिगात बसून तुकडे उलटेपालटे करत होते. दोन-तीन तुकड्यांवर रेषा होत्या. ते जुळवायचा प्रयत्न करत होते आणि एकही कड जुळत नव्हती. मी “सर” म्हटलं तर वर न बघता म्हणाले, “मीच आखली, बाई.”

हे वाक्य ते पुढे वर्षभर म्हणत होते. मैदानावर, बसस्टॉपवर, कुणी नुसतं कसे आहात विचारलं तरी.

भागाआत्याला सांगायला आम्ही दोघं गेलो होतो. तिने ऐकलं आणि पानाची पिचकारी टाकून म्हणाली, “फुटला तं फुटू दे. तितं आपलं काय व्हतं? हारच व्हती.”

“तिचाच पुरावा होता तो, आत्या,” सर म्हणाले. “आता कोण खरं मानेल?”

“मी मानते की,” आत्या म्हणाली. त्या पावसाळ्यात ती गेली.

त्याच वर्षी सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषण करा म्हटलं तर उभे राहिले, खिशात हात घातला, खडे वाजले आणि ते खाली बसले. वह्या लिहिणं त्यांनी थांबवलं होतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “सगळ्यात मोठा खेळ मीच मोडला. बाकीचे लिहून काय करू?”

आम्ही नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. बिल्डर शब्दाला जागला होता. गार्डनमध्ये वरचा पट होता, भोवती लॉन, पितळी पाटी: प्राचीन खेळ. मुलं त्यावर बूट घेऊन उड्या मारायची. सातेक फुटांवर कंपाउंडची भिंत होती, छातीएवढी, वर जाळी. ती सरांच्या मध्यरेषेवर उभी आहे हे त्या सोसायटीत मला एकटीलाच ठाऊक होतं. वास्तुशांतीचं आमंत्रण सरांना द्यायला गेले, तेव्हाच मी त्यांना फ्लॅटचं सांगितलं. ते म्हणाले, “छान. हवा येत असेल.” त्यापेक्षा ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

ते वास्तुशांतीला आले नाहीत. पण त्यानंतरच्या एका संध्याकाळी वॉचमन वर आला. “मॅडम, आपके वो सर बाहर फुटपाथ पे बैठे हैं. अंदर बुलाया तो आते नहीं.”

मी खाली गेले. भिंतीपलीकडे, फुटपाथवर खडूने पट आखून सर बसले होते. पुढ्यात नऊ पांढरे, नऊ काळे. दाढी वाढलेली, पॅन्टला फक्की नाही. “सर, आत या ना,” मी जाळीतून म्हटलं.

“आत आलो तर चौदा फूट कुठून आणू?” ते म्हणाले. “मोजलंय मी. बरोबर आहे. तुमच्याकडे खडे आहेत का?”

खडे कुठले? मी घरून राजमा आणि पावटे आणले आणि पितळी पाटीशेजारी मांडी घालून बसले. खाली बसल्यावर भिंतीमुळे आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो. गार्डनमधल्या बायका बघत होत्या. “वेस, डोंगराकडचा कोपरा,” पलीकडून आवाज आला. मैदानावरचा आवाज, खणखणीत. मी त्यांचा राजमा तिथे ठेवला. मग मी माझी चाल सांगितली आणि पलीकडे खडा टेकल्याचा आवाज ऐकला. आम्ही तासभर खेळलो असू. सर फार चांगले खेळायचे, पण त्या दिवशी त्यांचं लक्ष नव्हतं किंवा तेवढी ताकद उरली नव्हती. त्यांचे तीन उरले, माझे पाच.

माझी चाल होती. मी सवयीने बोलून गेले, “आळी, ओढ्याकडचा कोपरा.” ठेवल्यावर पाहिलं, तर माझी ओळ झाली होती. एक खडा उचलायचा की त्यांचे दोन उरणार आणि डाव संपणार. पलीकडेही खडा टेकल्याचं ऐकू आलं. ते वाट बघत होते.

इतकं हरलेल्या माणसाला आणखी एकदा हरवायचं, हे माझ्या जिवावर आलं. मी माझा पावटा हळूच परत जागेवर सरकवला आणि म्हटलं, “ओळ होत नाहीये माझी, सर. चाल तुमची.”

“नीट बघा.”

“बघितलं.”

“माझ्या पटावर मी हरलोय, बाई.”

“वरच्या पटावर नाही हरलात,” मी हसत म्हणाले, त्यांना बरं वाटावं म्हणून. “आणि वरचाच पट खरा ना?”

तोंडातून शब्द गेले आणि मी कुठे, कुणाच्या जागी बसले आहे ते मला कळलं. मी घाईघाईने उठले आणि जाळीला धरून पलीकडे पाहिलं. सर एकेक खडा वेचून खिशात टाकत होते, आधी पांढरे, मग काळे. मी “सर, चुकलं माझं” म्हणाले, ते त्यांनी ऐकलं असावं, कारण त्यांनी मान हलवली. नंतर गुडघ्यावर हात टेकून ते उठले, चपलेने खडूचा पट पुसला आणि पालेगावच्या रस्त्याने चालू लागले. मी हाक मारली नाही. पुन्हा ते आले नाहीत.